छायाचित्र आणि इतिहाससाधन : जॉर्ज एडवर्ड अँडरसनचा मॉर्मन संग्रह

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम कागद उभा राहतो. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून मराठी वाचकाला एक गोष्ट चांगली परिचयाची झाली आहे. कोणी लिहिले, कोणास लिहिले, केव्हा व कोठून लिहिले, हे ज्या कागदावरून कळते तो कागद इतिहासकाराच्या कामाचा. बाकीच्या कागदाची भाषा कितीही गोड असली तरी त्याची साक्ष जपूनच घेतली पाहिजे. बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद आपण अशा रीतीने शिकलो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र हाच विवेक आपण क्वचितच दाखवितो. कॅमेरा खोटे बोलत नाही अशी एक भाबडी समजूत सर्वत्र रूढ आहे, आणि तिच्यामुळे छायाचित्राला कोणी उलटतपासणीचे प्रश्न विचारीत नाही. छायाचित्र हे इतिहासाचे साधन केव्हा ठरते, आणि केव्हा ते निव्वळ शोभेची वस्तू राहते, याचा विचार एका विशिष्ट संग्रहाच्या आधारे करावा, असा या लेखाचा हेतू आहे. तो संग्रह अमेरिकेतील मॉर्मन संप्रदायाच्या इतिहासस्थळांचा असून, तो सिद्ध करणारा गृहस्थ जॉर्ज एडवर्ड अँडरसन हा होय.

प्रथम त्या संप्रदायाचा वृत्तान्त थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्याचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा २३ डिसेंबर १८०५ रोजी व्हरमाँट राज्यातील शॅरन या गावी जन्मला. न्यूयॉर्क राज्यातील पालमायरा गावाजवळ आपल्या बापाच्या शेतालगतच्या वनात, १८२० साली, आपणास ईश्वरदर्शन झाले असे त्याने सांगितले. पुढे जवळच्या कुमोरा टेकडीत सोन्याचे पत्रे सापडले व त्यांवरील मजकुराचे भाषांतर म्हणजेच ‘बुक ऑफ मॉर्मन’, अशी त्याच्या अनुयायांची श्रद्धा आहे. ६ एप्रिल १८३० रोजी संप्रदायाची विधिवत स्थापना झाली. त्यानंतरची सतरा वर्षे ही स्थलांतराची व छळाची आहेत. ओहायोतील कर्टलंड येथे १८३६ साली त्यांनी पहिले मंदिर बांधले. पण तेथे पाय टिकला नाही. मिसूरीतून १८३८-३९ मध्ये त्यांना हुसकून लावण्यात आले आणि हॉन्स मिल येथे एका जमावाने त्यांच्यापैकी सतरा जणांची हत्या केली. इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी त्यांनी नावू हे नगर वसविले. परंतु २७ जून १८४४ रोजी जवळच्या कार्थेज येथील तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथ व त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घालून ठार केले. अखेर ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखाली हे लोक पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. आपल्याकडील मंडळींना हा पंथ अगदीच दूरचा वाटेल. पण त्याचा एक प्रचारक, ह्यू फिंडले, १८५२ साली मुंबईस उतरला होता आणि पुण्यासही त्याने एक लहानशी शाखा काढली होती. त्या प्रयत्नाचा वृत्तान्त आज पत्रांतून व रोजनिशांतून वाचावयास मिळतो, हे या पंथाच्या स्वभावाला धरूनच आहे. नोंद ठेवणे हे त्यांच्यात धर्मकर्तव्य मानले जाते व ते स्थापनेच्या दिवसापासूनच सांगितले गेले आहे.

नोंदीची ही आवड असलेल्या समाजाने छायाचित्रणाची कला त्वरेने उचलली, यात नवल नाही. डॅगेरोटाइपची युक्ती १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि सात-आठ वर्षांतच नावूच्या मंदिराचे चित्र त्या पद्धतीने घेतले गेले. मार्सेना कॅनन याने १८५० साली सॉल्ट लेक येथे चित्रशाळा उघडली. इंग्लंडमध्ये जन्मलेला चार्ल्स सॅव्हेज १८६० साली तेथे आला व पुढे त्या प्रांतातील अग्रगण्य छायाचित्रकार झाला. १० मे १८६९ रोजी प्रॉमाँटरी येथे अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम बाजूंचे लोहमार्ग जोडले गेले, त्या प्रसंगाची चित्रे घेणाऱ्यांत तो होता. परंतु जून १८८३ मध्ये शेजारच्या आगीत सॅव्हेजचे दुकान भस्मसात झाले आणि त्याबरोबर त्याच्या वीस-बावीस वर्षांच्या निगेटिव्ह नष्ट झाल्या. कागदावरील प्रती इकडेतिकडे उरल्या. मूळ गेले ते गेलेच. काचेवरील इतिहास किती अल्पायुषी असू शकतो, याची ही आगाऊ सूचना होती.

अँडरसन हा याच सॅव्हेजच्या हाताखाली तयार झालेला. १८६० साली सॉल्ट लेक येथे त्याचा जन्म झाला; वयाच्या सतराव्या वर्षीच त्याने स्वतःचा धंदा सुरू केला आणि पुढे स्प्रिंगव्हिल या गावी तो स्थायिक झाला. चित्रशाळेत बसून गिऱ्हाइकाची वाट पाहण्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या गावी जाणे त्याला अधिक रुचे. तंबू, कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटींच्या पेट्या घेऊन तो मध्य युटाच्या गावोगाव हिंडला. लोहारशाळा, शाळेतील मुले, रेल्वेचे मजूर, लग्नाची वऱ्हाडे, अंत्ययात्रा, असे त्या प्रदेशाचे सगळे जीवन त्याने टिपले. १ मे १९०० रोजी स्कोफील्ड येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन निदान दोनशे माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा त्या उद्ध्वस्त वस्तीत जाऊन त्याने घेतलेली चित्रे त्या दुर्घटनेच्या अभ्यासात आजही पुढे ठेवली जातात.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ती त्याची १९०७-०८ सालची यात्रा. तिच्यामागील परिस्थिती समजून घेतली पाहिजे. बहुपत्नीकत्वाची चाल संप्रदायाने १८९० साली अधिकृतपणे सोडली असली तरी अमेरिकन जनतेचा संशय निमाला नव्हता. युटाहून सेनेटवर निवडून आलेले रीड स्मूट हे संप्रदायाच्या उच्च धर्माधिकाऱ्यांपैकी असल्यामुळे त्यांची जागा राहावी की जावी, याची चौकशी १९०४ पासून चालली होती व तिचा निकाल स्मूट यांच्या बाजूने १९०७ च्या फेब्रुवारीत लागला. याच काळात संप्रदायाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी आपल्या लोकांची दृष्टी प्रारंभीच्या इतिहासाकडे वळविली. कार्थेजचा तुरुंग १९०३ साली विकत घेण्यात आला. संस्थापकाच्या जन्मस्थानी ग्रॅनाइटचा स्तंभ १९०५ साली उभारण्यात आला. पालमायराजवळचे स्मिथ कुटुंबाचे शेत १९०७ साली मिळविण्यात आले. कॅथलीन फ्लेक या विदुषींनी आपल्या २००४ सालच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, विवाहाची जुनी चाल सोडावी लागलेल्या समाजाला आपली ओळख टिकविण्यासाठी दुसरा आधार हवा होता, आणि तो त्याला संस्थापकाच्या साक्षात्कारकथेत व तिच्या स्थळांत सापडला. अँडरसनच्या यात्रेला या पार्श्वभूमीवर अर्थ प्राप्त होतो.

१९०७ सालच्या वसंतात त्याला धर्मप्रचारासाठी इंग्लंडला जाण्याची आज्ञा झाली. सरळ बंदर गाठून बोटीत बसावयाचे, त्याऐवजी त्याने वाटेवरची संप्रदायाची सर्व पूर्वस्थळे कॅमेऱ्याने टिपण्याचे ठरविले. मिसूरीतील इंडिपेंडन्स व फार वेस्ट, इलिनॉयमधील नावू व कार्थेज, ओहायोतील कर्टलंड, न्यूयॉर्कमधील पालमायरा, आणि शेवटी व्हरमाँटमधील शॅरन असा त्याचा मार्ग होता. संप्रदायाचा इतिहास पूर्वेकडून पश्चिमेकडे घडला. अँडरसनने तो पश्चिमेकडून पूर्वेकडे, शेवटापासून आरंभाकडे वाचला, असे म्हणता येईल. या प्रवासात त्याचे वर्षभर गेले. त्यांतील निवडक चित्रे ‘द बर्थ ऑफ मॉर्मनिझम इन पिक्चर’ या नावाने १९०९ साली सॉल्ट लेक येथे संप्रदायाच्या रविवार-शाळांसाठी पुस्तकरूपाने निघाली.

या चित्रांचे मोल काय, हे समजण्यासाठी त्यांच्या साधनाकडे क्षणभर पाहावे. काचेच्या पट्टीवर चांदीच्या क्षारांनी युक्त असा जिलेटिनचा थर दिलेला असे. कॅमेऱ्यात तीवर प्रकाश पडला की अंधारखोलीत रासायनिक द्रावणात धुऊन उलटी प्रतिमा, म्हणजे निगेटिव्ह, प्रकट होई. प्लेट मोठी असल्यामुळे तीत बारकावे विलक्षण उतरत. आज अशी प्लेट यंत्राने वाचून संगणकाच्या पडद्यावर मोठी केली म्हणजे दूरच्या कुंपणाचे खांब, घराच्या छपराची पडझड, पेरलेल्या शेताच्या ओळी स्पष्ट दिसू लागतात. छायाचित्रकाराने ज्याकडे लक्षही दिले नसेल असा तपशील तीत नकळत साठविलेला असतो, आणि बहुधा तोच इतिहासकाराच्या उपयोगी पडतो.

कुमोरा टेकडीचेच उदाहरण घ्यावे. आज तेथे जाणाऱ्याला ती झाडीने झाकलेली दिसते व माथ्यावर १९३५ साली उभारलेले स्मारक दृष्टीस पडते. अँडरसनच्या चित्रात ती जवळजवळ बोडकी, कुरणासारखी आहे. संप्रदायाने टेकडी १९२८ साली घेतली व नंतर तेथे वृक्षारोपण केले. तेव्हा आजचे दृश्य पाहून ‘संस्थापकाने पाहिली ती हीच वनश्री’ असे जो यात्रेकरू म्हणेल, त्याची चूक हे एक चित्र दाखवून देते. पण लगेच दुसरी चूक टाळली पाहिजे. १९०७ ची बोडकी टेकडी ही १८२७ सालची टेकडी नव्हे. मध्ये ऐंशी वर्षांची जंगलतोड व शेती आहे. चित्र आपल्या दिवसाची साक्ष देते, त्याच्या मागच्या वा पुढच्या दिवसाची नाही.

ज्या वनात पहिले दर्शन घडले असे मानतात, त्या वनाचे अँडरसनने घेतलेले चित्र या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध. उंच वृक्ष, त्यांतून झिरपणारा प्रकाश, असे ते मनोहर आहे. श्रद्धावानाला त्यात पावित्र्य दिसते आणि अश्रद्धाला नुसती झाडे दिसतात. इतिहासकाराने दोघांचाही मान ठेवून एवढेच म्हणावे की, १९०७ साली हे रान उभे होते आणि एका भाविक कारागिराला ते अशा प्रकाशात पाहावेसे वाटले. साक्षात्कार खरा की खोटा, याविषयी चित्र मूकच राहणार. कार्थेजच्या तुरुंगाचे चित्र याहून बोलके आहे. ती इमारत मध्यंतरी राहते घर म्हणून वापरली गेली होती व पुढे १९३० नंतरच्या दशकात तिचा जीर्णोद्धार झाला. अँडरसनने ती त्यापूर्वी टिपली. जीर्णोद्धार म्हणजे एका काळाच्या खुणा राखण्यासाठी दुसऱ्या काळाच्या खुणा पुसणे होय. पुसलेल्या खुणांची साक्ष अशा जुन्या चित्रांतच उरते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वरील सर्व अनुमाने आपण कशाच्या बळावर केली? चित्र १९०७ चे आहे, ते अमुक टेकडीचे आहे, ते अँडरसनने घेतले आहे, या तीन गोष्टी गृहीत धरून. त्या चित्रात कोठेच लिहिलेल्या नसतात. बोडक्या टेकड्या जगात हजारो आहेत. त्या कळतात त्या अँडरसनच्या रोजनिशीवरून. या प्रवासात तो दररोज टिपण ठेवीत असे. आज कोठे होतो, कोण भेटले, काय टिपले, हे त्यात आहे. रिचर्ड नाइट्झेल होल्झॅपफेल, जेफरी कॉटल व टेड स्टॉडर्ड या तिघा अभ्यासकांनी १९९५ साली १९०७ ची ही रोजनिशी व १९०७-०८ ची चित्रे एकाच ग्रंथात शेजारी शेजारी छापली, तेव्हा संग्रहाचे खरे स्वरूप प्रकट झाले. तोपर्यंत जी सुंदर चित्रे होती, ती आता तारीखवार साधने झाली. रोजनिशी नसती तर चित्रे मुकी राहिली असती, आणि चित्रे नसती तर रोजनिशी एका सामान्य प्रवाशाचे टिपण ठरली असती. दोहोंचा सांधा हाच या संग्रहाचा प्राण होय.

संग्रहाची दुसरीही एक परीक्षा असते : त्यात काय नाही? अँडरसनच्या यात्रेत छळाची व बलिदानाची स्थळे आहेत. संप्रदायाच्या लोकांनी इतरांवर केलेल्या अत्याचाराचे स्थळ नाही. ११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण युटातील माउंटन मेडोज येथे मॉर्मन सैनिकांच्या टोळीने, काही स्थानिक आदिवासींना हाताशी धरून, कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. या प्रकरणात शिक्षा भोगणारा एकटा जॉन डी. ली हा २३ मार्च १८७७ रोजी त्याच जागी गोळ्या घालून मारला गेला. मरणापूर्वी काही क्षण तो आपल्याच शवपेटीवर बसलेला आहे, असे जेम्स फेनेमोर याने घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे; त्याच्या प्रती आपल्या बायकांना पाठवाव्यात अशी लीने छायाचित्रकारास विनंती केली होती. या हत्याकांडाचा निर्भय इतिहास वानिटा ब्रुक्स या बाईंनी लिहिला व तो १९५० साली प्रसिद्ध झाला. त्या स्वतः श्रद्धाळू मॉर्मन होत्या आणि त्याच दक्षिण युटात राहत होत्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष पत्करून त्यांनी हे काम पार पाडले. संप्रदायाच्या वतीने त्या घटनेबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला तो २००७ साली. अँडरसनवर येथे दोषारोप करण्याचे कारण नाही. त्याची वाट दुसरी होती. परंतु एकच संग्रह पुढे ठेवून समाजाचा इतिहास लिहिणारा फसतो, एवढे यावरून ध्यानात यावे. अँडरसनचे वन आणि फेनेमोरची शवपेटी ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तरच त्या समाजाचे चित्र पुरे होते.

संग्रहाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. अँडरसन १९११ पर्यंत इंग्लंडमध्ये होता. परतताना तो पुन्हा व्हरमाँटमध्ये संस्थापकाच्या जन्मस्थानाजवळ रेंगाळला आणि घरी पोचला तो १९१३ साली. सहा वर्षांहून अधिक काळ त्याची पत्नी ऑलिव्ह व मुले स्प्रिंगव्हिलला त्याच्यावाचून राहिली. मागे धंदा खालावला आणि संसारात जो दुरावा आला तो पुढे भरून निघाला नाही. १९२८ साली तो वारला, तेव्हा तो धनिक नव्हता आणि कीर्तिमानही नव्हता. मागे राहिल्या त्या हजारो काचेच्या प्लेटी. जड, ठिसूळ, जागा अडविणाऱ्या अशा वस्तूंचे वारसांनी करावे तरी काय? त्या निरनिराळ्या हातांत गेल्या. १९७० नंतर नेल्सन वॉड्सवर्थ व रेल फ्रान्सिस यांसारख्या अभ्यासकांनी त्यांचा माग काढून त्यांवर ग्रंथ लिहिले. आज त्यांतील मोठा भाग ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, तर इतिहासस्थळांच्या प्लेटी सॉल्ट लेक येथील संप्रदायाच्या इतिहास-ग्रंथालयात आहेत.

ग्रंथालयात आल्यावरही काम संपत नाही. दमट हवेत जिलेटिनचा थर काचेपासून सुटतो. चांदी काळवंडून वर येते. एकावर एक आडव्या रचलेल्या प्लेटी आपल्याच वजनाने तडकतात. म्हणून प्रत्येक प्लेट आम्लरहित कागदात गुंडाळून, उभी, थंड व कोरड्या जागी ठेवावी लागते आणि अभ्यासकाला शक्यतो तिची संगणकीय प्रत द्यावी लागते. त्याहून अवघड काम सूचीचे. प्लेटी ज्या क्रमाने आल्या तो क्रम मोडून विषयवार लावण्याचा मोह होतो. परंतु शेजारची प्लेट कोणती होती, यावरूनच पुष्कळदा अनामिक चित्राचे गाव व साल ओळखता येते. म्हणून मूळ क्रम न मोडणे हा दफ्तरखान्याचा पहिला नियम मानला जातो. या काळजीचे फळ कसे मिळते, याचे उदाहरण नावूच्या मंदिराचे. १८४८ साली ते जाळले गेले, १८५० च्या वादळात त्याच्या भिंती कोसळल्या. पुढे दीडशे वर्षांनी ते पुन्हा बांधण्याचे ठरले, तेव्हा वास्तुकार विल्यम वीक्स याच्या मूळ आराखड्यांच्या जोडीला जुन्या डॅगेरोटाइपांचा आधार घेण्यात आला, आणि २७ जून २००२ रोजी नव्या मंदिराचे उद्घाटन झाले. कोणी तरी जपलेल्या दोन-तीन पत्र्यांनी एका इमारतीची बाह्याकृती परत मिळवून दिली.

आपल्या शाळांच्या व साहित्यसंस्थांच्या भिंतींवरही संमेलनांची, अध्यक्षांची, जुन्या शिक्षकवृंदाची छायाचित्रे टांगलेली असतात. पहिल्या रांगेतील दोघांची नावे सर्वांना ठाऊक असतात, दुसरीतील वृद्ध सभासदांना ठाऊक असतात, तिसरीतील कोणालाच ठाऊक नसतात. आणि दर काही वर्षांनी ही अज्ञानाची रेषा एकेक रांग पुढे सरकते. ती रोखण्यास मोठा खर्च लागत नाही. चित्र चौकटीतून काढून त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, साल, स्थळ, प्रसंग, छायाचित्रकाराचे नाव आणि डावीकडून उजवीकडे व्यक्तींची नावे लिहावीत; तीच नोंद एका वहीत अनुक्रमांकाने उतरावी; जे नाव खात्रीचे नसेल तेथे तसे स्पष्ट म्हणावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे काम दिले, आणि गावातील वृद्धांना भेटून नावे विचारावयास लावले, तर इतिहासाच्या तासाला साधनचिकित्सेचा धडा निराळा शिकवावा लागणार नाही. ज्यांना तिसऱ्या रांगेतील नावे सांगता येतात अशी माणसे अद्याप आपल्यात आहेत, तोवर हे काम हाती घेणे इष्ट.